हिरवं कार्ड

सोहारला मे महिन्यात शर्यती रात्रीच घेतात.
इशाची अजान होऊन गेली,
मुलींनी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या.
खांबावरच्या दिव्यांभोवती किडे,
आणि समुद्राकडून ती चिकट हवा
जिच्यात स्मेल्टरचा वास कधी असतो, कधी नसतो.

मी दुसरी बंदूक.
पहिली उस्ताद खमीसच्या हातात, सुरुवातीची.
माझी वाजते फक्त कुणी चुकलं तर.
आठवडाभर मी पाइपच्या कंपनीत बिलं तपासते;
गुरुवारी रात्री मला नारिंगी बाही चढवतात
आणि सांगतात, नजर ठेव.

इथल्या ब्लॉकना यंत्र नाही.
मोठ्या स्पर्धांत असतं. ते म्हणतं,
आवाजानंतर सेकंदाचा दहावा भाग उलटायच्या आत
जो हलला, तो ऐकून हललाच नाही.
कान, मेंदू, मांडी
एवढा प्रवास त्याहून लवकर कुणाचा होत नाही.
त्याच्या आत जे असतं त्याला अंदाज म्हणतात.
देवळे सर त्याला धंदा म्हणायचे.

लातूरला, फक्कीने आखलेल्या रेषांवर,
सर उकिडवे बसून मला सांगत:
पोरी, बंदूक ऐकायची नाही.
बंदूकवाल्याचा श्वास ऐकायचा.
दाबायच्या आधी तो आत घेतो आणि थांबतो.
तू तिथून नीघ.
मी निघायचे.
चार शर्यतींत जमलं.
पाचव्यांदा, विभागीयला,
त्या माणसाला सर्दी झाली होती.

पंधरा मीटर एकटीच पळाले मी,
सगळ्या मैदानाच्या देखत.
मग पाठीमागे कुणी हसलं नाही,
ते जास्त लागलं.

चौथ्या पट्टीत जुवैना.
डोक्याचा रुमाल कॉलरमध्ये खोचलेला,
डाव्या पोटरीवर निळी पट्टी.
"इस्तइद्द," खमीस म्हणाला.
आठ कमरा उचलल्या गेल्या.
सात माना सरळ खाली.
तिची किंचित कलती, खमीसच्या बाजूला:
पाठ फिरवून भाजी चिरताना
दुधाकडे कान असतो, तशी.

ओळखलं मी.
श्वास ऐकत होती ती.
खमीसचं पोट आत गेलं,
आता निघणार,
आता

आणि बंदूक वाजली.
लगेच दुसरी.
भिंतीवरून आलेली तिसरी धरू नका.

सात मुली दहा-दहा पावलं जाऊन थांबल्या,
हात कमरेवर, वैतागलेल्या.
जुवैना अजून ब्लॉकमध्येच होती,
बोटं रेषेच्या अलीकडे, एक केसभरही पुढे नाही.
तिने मान वळवून पाहिलं,
खमीसकडे नाही,
माझ्याकडे.

तिने श्वास ऐकला होता
आणि ती थांबली होती.
असंही करता येतं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आधी वाजली ती माझी.

खमीसने खिशातून हिरवं कार्ड काढलं,
आठही पट्ट्यांना एकेक करून दाखवलं:
दोष तुमच्यापैकी कुणाचाच नाही.
माझ्यापाशी आला तेव्हा कार्ड खिशात गेलं होतं.
"मा अलैह," म्हणाला. चालायचंच.

दुसऱ्या वेळी मी बोट ट्रिगरवरून काढूनच ठेवलं.
सगळ्या निघाल्या.
जुवैना सगळ्यांच्या मागून उठली,
ताक फुंकून पिणाऱ्या माणसासारखी,
साठपर्यंत तीन जणी गाठल्या,
चौथी आली.
पोटरीवरची पट्टी सुटून
मागे फरफटत होती.

मग टेबलावर कागद.
रिकॉलचं कारण असा एक रकाना असतो.
खमीसने त्यात अरबीत दोन ओळी लिहिल्या,
कागद माझ्याकडे सरकवला, पेन दिलं.
मला अजून ती लिपी वाचता येत नाही.
त्याने मला वाचवलं होतं का,
की तिच्या नावावर ढकललं होतं,
की जसं झालं तसंच लिहिलं होतं?

अकरा वर्षांत एकही बिल
मी न वाचता पुढे पाठवलेलं नाही.

पलीकडे ती ब्लॉकचे खिळे उपटत होती.
मी सही केली.